दांडीची रापण

खानदेशातील पांझरा नदीच्या काठी वाढलेल्या आणि समुद्राची ओळख आठवडेबाजारातल्या सुक्या बोंबलाच्या वासापलीकडे नसलेल्या माणसास संपादकांनी मासेमारीवर लिहिण्यासाठी मालवणास धाडावे, यात त्यांची दूरदृष्टी किती आणि खोडसाळपणा किती, हे ठरविणे कठीण आहे. जळगावहून मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे एस. टी., असा हा प्रवास. १६६४ मध्ये ज्याच्या बांधणीस प्रारंभ झाला तो सिंधुदुर्ग समोर उभा होता. त्याचा इतिहास शाळकरी मुलांसही ठाऊक असल्याने मी मुक्काम ठोकला तो दांडीच्या किनाऱ्यावर, रापणीपाशी.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे अतिविस्तीर्ण जाळे. त्याचे एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळे सोडीत अर्धवर्तुळ काढते आणि दुसरे टोक दूर अंतरावर किनाऱ्यास आणून देते. मग दोन्हीकडची माणसे दोर ओढू लागतात. वरच्या दोरीस तरंगणारी बोंडे, खालच्या दोरीस वजने, कडांस मोठी आणि मध्यभागी बारीक वीण, अशी ही रचना दिसावयास सोपी. परंतु एका बाजूने घाई केली की मध्यभाग कलतो, आणि खालची दोरी वाळूवरून वीतभर उचलली गेली तरी मासे त्या फटीतून निसटतात. म्हणून शेवटच्या टप्प्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून काही जण ती पायांनी दाबून धरतात. या साऱ्यांवर नजर ठेवणारे एक वृद्ध गृहस्थ स्वतः दोरास हात लावीत नव्हते. पाण्याच्या रंगावरून आणि वर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून बांगड्याचा थवा कोठे आहे हे ताडणे, आणि होडी केव्हा सोडावी याचा हुकूम देणे, एवढेच त्यांचे काम, आणि तेवढ्यासाठी त्यांचा शब्द सर्वांस प्रमाण. सांगताना ते माझ्याकडे क्वचितच पाहत. डोळे पाण्यावरच असत.

आलेल्या मासळीचा लिलाव होतो आणि रकमेचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. हा हिशेब ऐकताना मला आमच्या पांझरेवरील सिंचनाच्या फडपद्धतीचे स्मरण झाले. तेथेही पाण्याच्या पाळ्या गावकरीच ठरवीत, पाटकरी ते फिरवी, आणि तंट्याचा निवाडा सरकारी दफ्तरात न जाता बहुधा बांधावरच होई. वरच्या अंगास धरणे झाली तसा या व्यवस्थेचा जोर ओसरला, कारण जे पाणी खाली यावयाचे ते वरच अडू लागले.

रापणीचीही नेमकी हीच तक्रार आहे. मासा किनाऱ्याकडे येईल तेव्हाच ती त्यास धरू शकते, आणि पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका तो बाहेरच वेढतात. रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणारे तर अंधाराचाही आडोसा उरू देत नाहीत. कायदे नाहीत असे नव्हे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. प्रकाशझोतातील मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. तथापि अथांग समुद्रावर अंमलबजावणी करावयाची म्हणजे गस्तीच्या नौका हव्यात, आणि त्या वेळेवर पोचावयास हव्यात.

दुसरी अडचण किनाऱ्यावरचीच आहे. दोर ओढण्यास पुष्कळ हात लागतात, आणि तरुण मुले आता पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखविणाऱ्या होड्यांवर कामास जातात. वृद्ध गृहस्थांचा त्यावर राग नाही. तेथे रोजची मजुरी संध्याकाळी हातात पडते; येथे उन्हात घाम गाळूनही कित्येकदा जाळ्यात चार खेकडे आणि शेवाळ निघते, आणि त्याचे वाटे कोणी मागत नाही.