निघण्याआधीचा लाल रंग

मार्च-एप्रिलमध्ये ठाणे खाडीवर गर्दी होते ती फ्लेमिंगो पाहायला. त्यांच्या पायाशी चिखलात तुरुतुरु धावणारे, मैनेहून जरा लहान पक्षी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. खरी घाई मात्र त्यांचीच चाललेली असते.

त्यातला एक कर्ल्यू सँडपायपर. चोच टोकाशी खाली वाकलेली. हिवाळाभर तो राखाडी-पांढरा, अगदी ओळखू न येण्यासारखा. मार्चपासून छातीवर विटकरी ठिपके उमटू लागतात आणि एप्रिलअखेर काही पक्षी पोटापर्यंत लालभडक होतात. हा विणीचा पेहराव. घरटे मात्र इथे नाही, सायबेरियाच्या टुंड्रात, जूनमध्ये.

एवढ्या प्रवासाचे इंधन म्हणजे चरबी. चिखलातले किडे आणि बारीक शिंपले खाऊन ती साठवायची. भरती आली की चिखल बुडतो, मग हे थवे मिठागरांत आणि उघड्या पाणथळींत दाटीवाटीने विसावतात. दाट खारफुटी त्यांच्या कामाची नाही, त्यांना चौफेर दिसणारी मोकळी जागा लागते. उरण परिसरात अशा जागांवर भराव पडत गेला आहे. जागा गेली की थवा भरतीभर हवेत घिरट्या घालतो आणि कमावलेली चरबी तिथेच जाळतो. फोटोसाठी फार जवळ जाऊन थवा उडवला तरी हाच तोटा. २०२४ मध्ये या पक्ष्याची नोंद जागतिक पातळीवर ‘असुरक्षित’ गटात झाली.

पाहायचे तर भरतीचे वेळापत्रक आधी बघावे. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. ओहोटी नुकती लागली असताना पक्षी किनाऱ्याजवळ असतात. तासाभराने दुर्बिणीतही ठिपके.

समुद्र लांब असेल तर उजनीच्या काठी भिगवण आहे. तिथे पाण्यावर घिरट्या घालत मध्येच चोच बुडवणारे सुरय दिसतात. त्यातल्या व्हिस्कर्ड टर्नचे पोट याच दिवसांत गडद राखाडी होते, डोक्यावर काळी टोपी चढते, गाल तेवढे पांढरे राहतात. कुरव आणि सुरय यांत गोंधळ झाला तर शेपटी पाहावी. सुरयाची बहुधा दुभंगलेली असते.

मेअखेर खाडी रिकामी वाटते. तरीही पावसाळ्यात चिखलावर चार-दोन राखाडी सँडपायपर दिसले, तर ते बहुधा गेल्या वर्षीची पिल्ले असतात. पहिल्या उन्हाळ्यात त्यातली बरीच उत्तरेला जातच नाहीत.