इंग्रजीतील रंगवाचक सामासिक विशेषणे : अक्षरविभाजन व आघात

प्रस्तावना :
महाविद्यालयीन स्तरावर इंग्रजीतील आघात बहुधा सुट्या शब्दांच्या यादीतून शिकविला जातो. रंगवाचक सामासिक विशेषणांबाबत ही पद्धत अपुरी ठरते. कारण त्यांतील ठळक आघाताचे स्थान वाक्यरचनेनुसार बदलते. प्रस्तुत लेखात या बदलाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

अक्षरविभाजन :
येथे ‘अक्षर’ म्हणजे लिपीतील अक्षर नव्हे, तर उच्चाराचा एक अवयव होय. ‘स्नो-व्हाइट’ देवनागरीत चार अक्षरांत लिहिले जाते. उच्चारात मात्र त्याचे दोनच अवयव आहेत. ‘बॉटल-ग्रीन’मध्ये तीन अवयव असून, दुसऱ्या अवयवाचे केंद्र स्वर नसून ‘ल्’ हे व्यंजनच असू शकते. ‘ब्राउन’ हा शब्द इंग्रजीत एकावयवी आहे. मराठी भाषक त्याचा ‘ब्रा-उन’ असा द्व्यवयवी उच्चार करतात, तेव्हा ‘रेडिश-ब्राउन’ची लय बिघडते. विभाजन करताना समासातील घटकांची सीमा कायम राखावी.

आघात :
‘ब्लॅकबोर्ड’सारख्या सामासिक नामात प्रमुख आघात पहिल्या घटकावर येतो. चॉम्स्की व हॅले यांनी १९६८ मध्ये सामासिक नामांचा आणि पदबंधांचा आघात स्वतंत्र नियमांनी मांडला. ‘स्काय-ब्लू’, ‘ब्लड-रेड’, ‘डार्क-ग्रीन’ ही विशेषणे या बाबतीत पदबंधांना जवळची आहेत. सुटी उच्चारताना त्यांचा प्रमुख आघात दुसऱ्या घटकावर व दुय्यम आघात पहिल्यावर असतो.

मराठी व्याकरणातील अधिविशेषण व विधिविशेषण हा भेद येथे उपयुक्त ठरतो. ‘द शर्ट इज स्काय-ब्लू’ या विधिविशेषणात ‘ब्लू’ ठळक होते. ‘अ स्काय-ब्लू शर्ट’ या अधिविशेषणात मात्र ‘स्काय’ ठळक होते आणि पदबंधाचा मुख्य आघात ‘शर्ट’वर पडतो. दोन ठळक आघात लागोपाठ येऊ नयेत, या लयप्रवृत्तीचा हा परिणाम होय. लिबरमन व प्रिन्स यांनी १९७७ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. ‘कलर-ब्लाइंड’ हे विशेषण रंगवाचक नसल्याने या गटात येत नाही. त्याचा आघात मुळातच पहिल्या घटकावर असतो.

निष्कर्ष :
शब्दकोशातील खूण सुट्या शब्दाची असते. केवळ तिच्या आधारे गुणदान केल्यास वाक्यात योग्य उच्चार करणारा विद्यार्थीच चुकीचा ठरण्याचा संभव असतो. म्हणून प्रश्नपत्रिकेत संपूर्ण वाक्य द्यावे आणि वर्गात दोन्ही रचनांचा सराव एकत्र घ्यावा, हे इष्ट होय.