शेळ्यांची रवानगी : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

दुष्काळी मुलुखात जी शेळी बोरी-बाभळीच्या पाल्यावर गुजराण करते, खडकाच्या कडेवर चार खूर जेमतेम मावतील एवढ्या जागेत तोल सांभाळते आणि वैशाखाच्या ऐन दुपारीही चरणे थांबवीत नाही, तिला मालमोटारीच्या हौद्यात दहा-बारा तास उभे केल्याने काय बिघडणार, असा विचार लोणंदच्या बाजारातून खरेदी करून परतणाऱ्या एखाद्या नवख्या शेळीपालकाच्या मनात आला, तर तो अस्वाभाविक म्हणता येणार नाही. वस्तुतः शेळीचा काटकपणा तिच्या मोकळेपणाशी निगडित असतो. रानात ती सावली शोधते, पाला निवडते, न पटणाऱ्या शेजारणीपासून दूर सरते. हौद्याचा फाळका लागताच यांपैकी काहीच तिला करता येत नाही. शिवाय प्रवासाचे नुकसान बहुधा त्याच दिवशी दिसत नाही. वाहनचालक भाडे घेऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी ते प्रकट होते, आणि मग दोष विकणाऱ्याच्या, नाही तर कोणाच्या तरी दृष्टीच्या माथी बसतो. या विषयातील चुकीच्या समजांना एवढे दीर्घायुष्य लाभले आहे, ते यामुळेच.

त्यांतील सर्वांत घातक समज असा, की चारी पाय बांधून आडवी टाकलेली शेळी उडी मारीत नाही, कोणाला शिंग मारीत नाही, सबब ती सुरक्षित पोहोचते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात खाल्लेला चारा अहोरात्र आंबत असतो आणि त्यातून निघणारा वायू ढेकरेवाटे सतत बाहेर पडावा लागतो. जनावर उभे असले किंवा पाय मुडपून बसले असले, तर हा वायू वरच्या बाजूस साठून अन्ननलिकेच्या मुखाशी येतो. परंतु ते कुशीवर जखडून पडले, की ते मुखच पोटातील द्रवाखाली बुडते, ढेकर बंद होते, पोट नगाऱ्यासारखे फुगते आणि त्याचा दाब फुफ्फुसांवर येऊन शेळी गुदमरते. ती दगावली म्हणजे ‘उन्हाने गेली’ असे सांगून सर्वजण मोकळे होतात. निघण्यापूर्वी ‘वाटेत उपास नको’ म्हणून ज्वारी-मक्याचा भरपूर खुराक चारण्याची जी ममताळू चाल आहे, तीही याच कारणास्तव अहितकारक होय. धान्य झपाट्याने आंबते, पोटात आम्ल वाढते आणि हिसके खात उभ्या असलेल्या जनावराची रवंथ आधीच मंदावलेली असते. त्यापेक्षा सुका कडबा आणि पोटभर पाणी बरे.

दाटीने भरलेल्या शेळ्या एकमेकींना सावरतात, हे म्हणणे अर्धसत्य आहे. अगदी विरळ भरल्या तर त्या वळणावर आपटतात, हे खरे. पण खचाखच गर्दीत एकदा खाली बसलेली शेळी पुन्हा उठू शकत नाही आणि इतरांच्या खुरांखाली चेंगरते. सबब मोठ्या वाहनात दर दोन-तीन मीटरांवर आडवी फळी घालण्याची तजवीज प्राण्यांच्या वाहतुकीच्या केंद्रीय नियमांतच केलेली आहे. तळाशी निदान पाच सेंटिमीटर जाडीचा गवताचा थर असावा, असेही तेथे म्हटले आहे. मूत्राने निसरड्या झालेल्या लोखंडी पत्र्यावर शेळी सारा वेळ पाय रोवून उभी राहते आणि त्यातच थकते. उसाच्या पट्ट्यात पाचट फुकटासारखे मिळत असताना हा थर चैनीत मोडावा, हे नवलच.

कायदा गोवंशापुरताच आहे, शेळीला कागद लागत नाही, ही समजूत तर बाजारात सर्रास ऐकू येते. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या केंद्रीय नियमांत शेळ्या-मेंढ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवास सहा तासांहून अधिक असेल, तर जनावरे प्रवासास योग्य व रोगमुक्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला त्यानुसार लागतो. साडेचार-पाच टनांच्या वाहनात चाळीसहून अधिक शेळ्या भरता येत नाहीत. आणि उडी मारण्याचा धोका असल्याखेरीज त्यांना जखडता येत नाही, पाय तर बांधताच येत नाहीत. नर माद्यांत मिसळू नयेत, अशीही अट आहे. पुढे २००१ साली घातलेल्या भरीनुसार प्रवासात विण्याचा संभव असलेली अथवा गेल्या बहात्तर तासांत व्यालेली मादी गाडीत चढविणे निषिद्ध ठरले. मोटार वाहन नियमांतील २०१५ च्या दुरुस्तीने दर शेळीस ०.३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन चौरस फूट, जागा नेमून दिली. नियम असे तपशीलवार असताना त्यांचे नाव मालधनी आणि चालक या दोघांनाही ठाऊक नसावे, ही अंमलबजावणीची शोकांतिका म्हणावी की विनोद, ते वाचकाने ठरवावे.

आता त्या आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या तापाविषयी. नाक गळू लागले, खोकला झाला, हगवण लागली, की ‘नव्या गावचे पाणी मानवले नाही’ किंवा ‘वारा लागला’ असे निदान होते, आणि पुढच्या खेपेस वारा लागू नये म्हणून हौद्यावर चहूबाजूंनी ताडपत्री आवळली जाते. बंद हौद्यात मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाने श्वासमार्गाचे नाजूक अस्तर दुखावते. प्रवासाच्या ताणाने प्रतिकारशक्ती खालावते. आणि निरोगी शेळीच्याही नाकाघशात निरुपद्रवी वास्तव्य करणारे जंतू संधी साधून फुफ्फुसांत उतरतात. म्हणून वर छप्पर व पुढे आडोसा असावा, बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात. दुसरा संभव पीपीआर ऊर्फ शेळ्यांच्या बुळकांडीचा. भारतात हा रोग प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळला. त्याचे विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः चार ते सहा दिवस जातात. बाजाराच्या दिवशी ठणठणीत दिसलेली शेळी घरी आल्यावर आजारी पडते, ती पाण्यामुळे नव्हे. लसही निघण्याच्या दिवशी टोचून उपयोग नाही, कारण शरीरात प्रतिकारशक्ती उभी राहण्यास दोन-तीन आठवडे लागतात.

तेव्हा गाडी दाराशी आली, की शेळ्या उतरणीच्या फळीवरून उतरवाव्यात, कान धरून ओढू नयेत. प्रथम पाणी द्यावे, मग कडबा. खुराक दोन दिवसांनी, तोही थोडथोडा वाढवीत. आणि घरच्या कळपात त्यांना एकवीस दिवस मिसळू देऊ नये.