आधी बुडालेला रोज, मग संमतीपत्र

औषध कितीही चांगलं असलं, तरी ते कुणावर तपासलं हे विचारावंच लागतं. चाचणीत दवाखान्याजवळ राहणारी, सुट्टी काढू शकणारी माणसंच आली, तर निष्कर्षही त्यांच्यापुरतेच. चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यावरचा पावरा मजूर आणि यावल-रावेरच्या केळीबागेत राबणारी तडवी बाई त्या हिशेबात येतच नाहीत. सिकलसेलसारखा आजार मात्र आदिवासी वस्त्यांतच जास्त. मग आम्हा फील्डवरच्या लोकांना निरोप येतो, ‘ताई, माणसं मिळवून द्या.’ पैसे जेमतेम.

जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात मी हेच काम करते. माझं म्हणणं सरळ आहे: काटकसर करायची तर फलक आणि पत्रकांवर करा. माणसाचा बुडालेला रोज आणि दारोदार जाणाऱ्या बाईचा पगार, या दोन रकमांना हात लावू नका.

याचा मोठा दाखला मुंबईत आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने 1998मध्ये झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी सुरू केली. महागडी यंत्रं नव्हती. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या व्हिनेगरमधलं आम्ल लावून तपासणी करत. तपासणी गटातल्या सुमारे 75 हजार महिलांपैकी 89 टक्के तपासणीला आल्या आणि बारा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा 31 टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटातल्या महिलांची मात्र तपासणी झाली नाही, आणि त्यावर पुढे कडक टीका झाली. माणसं गोळा होणं आणि त्यांना न्याय मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच चाचणीतून शिकावं.

आमच्याकडे पहिला अडसर कॅलेंडरचा. कपाशीची वेचणी जोरात असली की दुपारी गावात म्हातारी माणसं आणि शेळ्याच उरतात. दिवाळीनंतर मुकादम गाड्या भरून ऊसतोडीला नेतो. दुसऱ्या तपासणीला जावं तर दाराला कुलूप. होळीला पावरा माणूस असेल तिथून घरी येतो, म्हणून भेटींचं वेळापत्रक सणावरून आखायचं. ते फुकट होतं. गावात शिरताना आशाताईला सोबत घ्यायचं आणि तिच्या वेळेचे पैसे द्यायचे.

दुसरा अडसर भीतीचा. साक्री तालुक्यातल्या एका बाईने मला अहिराणीत विचारलं, ‘ताई, रंगत कितलं लेतस?’ म्हणजे रक्त किती घेता. पाच मिली म्हटल्याने तिला काय कळणार? तिच्याच घरातला चहाचा चमचा मागितला, नळीत पाणी भरून त्यात ओतलं. चमचा जेमतेम भरला. सासूने तो हातात घेऊन निरखला, पाणी अंगणात फेकलं आणि म्हणाली, ‘पोरगा येऊ दे, मग सांगू.’ ‘बरं,’ म्हणून मी उठले. तिथेच अंगठा घेण्याची घाई केली असती, तर ती संमती नुसती कागदावरची झाली असती. वाचता न येणाऱ्याला माहिती देताना त्रयस्थ साक्षीदार हवा, असा नियमच आहे.

रोजाची भरपाई आणि आमिष यांतली रेघ बारीक असते. प्रवासखर्च आणि मजुरी द्यायचीच, पण रक्कम एवढी नको की माणूस धोका न बघता हो म्हणेल. म्हणून ती नैतिक समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते.

उद्या तुमच्या दारी कुणी अशा चाचणीसाठी आलं, तर बिनधास्त विचारा: नोंदणी क्रमांक काय? भारतात 2009पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची आहे. त्रास झाला तर उपचार कोण करणार? मधेच सोडता येईल का? रिपोर्ट माझ्या हातात कधी? शेवटच्या प्रश्नाला तारीख सांगून ती पाळणाऱ्यांना पुढच्या वेळी लोक स्वतःहून दार उघडतात. रक्त नेऊन तोंड न दाखवणाऱ्यांमुळे मात्र पुढच्या अभ्यासाचा खर्च दुप्पट होतो.