चंचल मूल आणि आपण

‘हे पोट्टं एका जागी बसतच नाही!’ ही तक्रार चिखलीच्या बाजारात ऐका, मेहकरच्या शाळेत ऐका, अगर आपल्याच ओसरीवर ऐका. तिच्यावर उपाय दोनच ठरलेले : एक चापट, नाहीतर ‘मोठे झाले की सुधारेल’ हे समाधान. श्रोतेहो, पुष्कळ मुलांच्या बाबतीत हे समाधान खरेही ठरते. कारण चंचलता हा बालपणाचा धर्मच आहे. परंतु काही थोड्या मुलांची गोष्ट निराळी असते.

१९०२ साली लंडन येथे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले : बुद्धी शाबूत, पण मनाला आवर नाही. त्यांनी यास नैतिक संयमाची उणीव म्हटले. आजचे शास्त्र तसे मानीत नाही. अवधान टिकविणे व आवेग रोखणे ही मेंदूची कामे या मुलांत दुबळी असतात. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. बैल जोमदार, पण कासरा सैल, अशी ही स्थिती होय. मग बैलास मारून काय होणार?

हे ओळखावे कसे? लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसतात, सहा महिन्यांहून अधिक टिकतात, घरी व शाळेत दोन्हीकडे आढळतात आणि मुलाचे नुकसान करतात. मात्र आधी त्याची दृष्टी, श्रवण व झोप तपासून घ्यावी. मुलींकडे विशेष लक्ष असावे. पुष्कळदा त्या धावपळ करीत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात; म्हणून सुटून जातात.

गुरुजींनी अशा मुलास पुढे, खिडकीपासून दूर बसवावे. दहा उदाहरणे एकदम न देता तीन-तीन द्यावीत. मधूनच फळा पुसावयास उठवावे. आईबापांनी एका वेळी एकच सूचना द्यावी आणि शाबासकी तिथल्या तिथे द्यावी. निकालानंतर मिळणारी सायकल या मुलास फार लांबची वाटते. सहा वर्षांखालील मुलांसाठी आईबापांचे प्रशिक्षण हाच पहिला उपाय. पुढे गरज पडल्यास तज्ज्ञ डॉक्टर औषध देतात.

२०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथे ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा प्रारंभ झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत हा विकारही आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथकाने तपासणी करावी, अशी त्यात योजना आहे. पथक आले की वजन-उंचीवर न थांबता हेही विचारा.

‘द्वाड’ हा शिक्का मारणे सोपे असते. पण तो पुसता पुसता कित्येकांची शाळाच सुटते. म्हणून हात उगारण्यापूर्वी एवढेच मनाशी विचारावे : हे मूल ऐकत नाही, की त्याला ऐकणे जमत नाही?