म्हाताऱ्या गिनीपिगचे तळवे

चार-पाच वर्षांचा गिनीपिग हल्ली कोपऱ्यातच बसून असतो. कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की पूर्वी शिट्टी घालत पुढे यायचा, तेही बंद झाले आहे. ‘वय झाले त्याचे’ म्हणून घरातली मंडळी ते सोडून देतात. या प्राण्याचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचे, त्यामुळे हिशेब चुकीचा वाटत नाही. पण अशा वेळी त्याला एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्याने पुठ्ठ्याखाली आधार देऊन उचलावे आणि पायांचे तळवे पाहावेत. निरोगी तळवा मऊ, सपाट आणि कोरडा असतो. लाल, चकचकीत चट्टा, मधोमध काळपट खपली किंवा सुजलेली टाच दिसली तर दुखणे वयाचे नाही, पायाचे आहे.

पशुवैद्यक याला पोडोडर्मटायटिस म्हणतात, बोलताना बम्बलफूट. सशाच्या तळव्याला दाट केसांची गादी असते, गिनीपिगचा तळवा उघडा. साधारण एक किलोचे शरीर या उघड्या कातडीवर टेकलेले असते. त्यात जाळीचा तळ, लघवीने ओला झालेला भुसा, वाढून वळलेली नखे आणि सुटलेले पोट यांची भर पडते. म्हातारपणी सांधे धरले की प्राणी तासन्‌तास एकाच ठिकाणी बसतो आणि दबलेल्या जागी रक्त नीट पोहोचत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होतात, त्याचाच हा भाऊबंद. कातडीला बारीक चीर पडली की जिवाणू आत शिरतात, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो अनेक माणसांच्या नाकातही मुक्कामाला असतो. पुढे संसर्ग कंडरेपर्यंत आणि हाडापर्यंत जातो. महिनोन्‌महिने जखम चिघळत राहिली तर अमिलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडात आणि यकृतात साचू लागते. पायाचे दुखणे मग पायापुरते राहत नाही.

इथे घरोघरी होणारी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जखमेत पू दिसला की औषधांच्या डब्याकडे हात जातो आणि त्यात मुलांच्या घशासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे सिरप उरलेले असते. ‘दोन थेंबांनी काय होणार?’ गिनीपिग त्याने मरू शकतो. त्याच्या आतड्यात चारा आंबवणाऱ्या जिवाणूंची मोठी वसाहत असते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे त्यातले उपयोगी जिवाणू मारतात, त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने काही दिवसांत प्राणी दगावतो. अॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन हीसुद्धा याच यादीत.

विज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीला एक गमतीशीर जागा आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी पेनिसिलिनची पहिली निर्णायक चाचणी आठ उंदरांवर घेतली. पेनिसिलिन दिलेले चार उंदीर संसर्गातून तगले, न दिलेले चार मेले. गिनीपिगला हे औषध घातक ठरते हे १९४३ मध्ये समोर आले. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर पेनिसिलिनचे काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळेच पुन्हा पुन्हा विचारला जातो.

औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचेही तसेच. खाज आणि लाली त्याने दोन दिवस दबते, जखम मात्र भरायची थांबते. शिवाय गिनीपिग पाय चाटतो, म्हणजे मलम पोटात. हळद, तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनाही या जखमेत काम नाही.

पशुवैद्यकाकडे गेल्यावर काय होते? एक्स-रे काढून हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का ते बघतात. शक्य असेल तर जखमेतला नमुना तपासायला देतात, कारण नेमके कोणते प्रतिजैविक चालेल हे त्यावरून ठरते. गिनीपिगला सोसणाऱ्या औषधांपैकी एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांचा विचार होतो. जोडीला मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक. ते माझ्या मते प्रतिजैविकाइतकेच महत्त्वाचे, कारण पाय दुखणारा प्राणी खात नाही. जखम पातळ केलेल्या क्लोरहेक्झिडिनने किंवा पोव्हिडोन आयोडिनने धुऊन, पूर्ण कोरडी करून मऊ पट्टी बांधतात. पट्टी फार आवळली तर पाय सुजतो, ओली राहिली तर जखम चिघळते. डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा ती बदलायची, आणि हे काम आठवड्यांचे, कधी महिन्यांचे. कापाकापी शक्यतो टाळतात.

औषधे चालू असताना पिंजरा तोच राहिला तर सारे व्यर्थ. जाळी काढून सपाट तळ करावा, त्यावर पाणी शोषणारा थर आणि वर जाड फ्लीसचे कापड किंवा भरपूर सुके गवत. ओली जागा रोज बदलायची. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात गवतालाच दमटपणा लागतो आणि कापडे वाळत नाहीत, म्हणून त्या चार महिन्यांसाठी कापडांचे दोन-तीन जास्तीचे जोड हाताशी हवेत.

दुसरी बाजू खाण्याची. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांना नुसते धान्य खाणाऱ्या गिनीपिगमध्ये स्कर्व्ही दिसली, तेव्हापासून हे नाते माहीत आहे. या जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन नीट बनत नाही, आणि कोलॅजनशिवाय जखम भरत नाही. एरवी दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅमच्या आसपास पुरते, आजारपणात ३० किंवा डॉक्टर सांगतील तितके. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची लहानशी फोड यांतून बरेचसे मिळते. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकण्यात अर्थ नाही, ते तिथे लवकर नासते. गोळीखाद्यातलेही पाकीट जुने होईल तसे उतरत जाते. औषध म्हणून द्यायचे तर थेट तोंडात.

म्हाताऱ्या प्राण्याची जखम दर वेळी पूर्ण मिटते असे नाही. हाड गेलेले असेल तर पाय कोरडा राहावा, दुखू नये आणि खाणे चालू राहावे, इतकेच ध्येय ठेवावे लागते. यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उपयोगी पडतो. उपचार चालू असताना रोज त्याच वेळी वजन करून वहीत लिहावे. वजन उतरत असेल, लेंड्या लहान आणि कमी होत असतील, तर पट्टीच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नये. बारा तास काही खाल्ले नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.