भिंतीच्या पोटातली हवा

नवे घर बांधणे सोपे, जुन्या घराला एक खोली जोडणे कठीण, असे आता आमचे ठाम मत झाले आहे. नव्या घराचा निदान कागदावर नकाशा तरी काढतात. जोडायची खोली मात्र अंगणात काठीने रेघ ओढून ठरते. आम्हीही तेच केले, आणि त्याची किंमत आमच्या ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या आईने मोजली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. श्रीवर्धनजवळच्या आमच्या घराची मागल्या बाजूची कौले पत्त्यांसारखी उडाली. आई तेवढा वेळ माजघरात देवांपुढे बसून होती. दुसऱ्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "अरे, आता माझ्या डोक्यावर कौल नको."

इच्छा रास्त होती. पावसाळा सरताच घराच्या पश्चिम अंगाला आईसाठी खोली काढली. जांभ्या चिऱ्याच्या नऊ इंची भिंती, वर स्लॅब, लागून न्हाणीघर. गरम पाण्याचा हीटर जुन्या मोरीत होता. तिथून घराला वळसा घालून नळी आणली आणि भिंतीत पक्की गाडून वर गिलावा केला. काम झटपट उरकल्याबद्दल आम्ही स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मे महिना आला आणि आईची वळकटी पुन्हा ओटीवर आली. "ही खोली नव्हे रे, भट्टी आहे!" रात्री अकरा वाजता आम्ही भिंतीला हात लावून पाहिला, तर ती चहाच्या किटलीसारखी कोमट! पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले. थंडीत आणखी तऱ्हा. नळ सोडून आई कुडकुडत उभी राही आणि गरम पाणी येईतो निम्मी बादली गार पाण्याने भरे. ज्या माणसासाठी खोली बांधली, तेच माणूस तिथे राहीना.

अखेर ओळखीच्या एका निवृत्त इंजिनियरांना बोलावले. त्यांनी खोली पाहिली नि विचारले, "उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, हे बांधण्यापूर्वी पाहिलेत का?" आम्ही गप्प!

वाचकहो, या एका प्रश्नात सारे आले. आपला किनारा अठरा-एकोणीस अक्षांशांवर आहे. मेच्या मध्यास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे घरात सर्वांत जास्त ऊन पिते ते छप्पर, आणि त्याखालोखाल दुपारनंतर तापणारी पश्चिमेची भिंत. स्लॅब आणि चिरा दिवसभर ऊन साठवतात नि ते रात्री, नेमके आपण अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा, आत सोडू लागतात. कौलारू घरात ही पीडा कमी, कारण कौले लवकर तापतात तशी लवकर निवतात, आणि त्यांच्या फटींतून गरम हवा निघूनही जाते.

मग भिंत जाड करावी का? त्याहून स्वस्त वस्तू आहे, ती म्हणजे हवा. कोंडलेली, स्थिर हवा उष्णता फार हळू वाहते. पाणी तिच्या वीस-पंचवीस पट अधिक वाहते. जांभा सच्छिद्र. कोरडा असताना त्या छिद्रांत हवा असते, भिजला की पाणी. म्हणून ओली भिंत उष्णता अडवण्यातही नापास होते. किनाऱ्यावर ओल अडवणे आणि ऊन अडवणे ही एकाच रोगावरची औषधे आहेत.

ही युक्ती परदेशाहून आणायला नको. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागेस, ती १९०४ सालापासून उभी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ते काम अलिबागेस हलले. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन ताळा पाहिला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागच्या इमारतीत लोखंड वर्ज्य. दगडही चुंबकत्व नसलेला, पारखून घेतलेला पोरबंदरी. पण आमच्या कामाची गोष्ट निराळीच. आतली चुंबके दिवसरात्रीच्या तापमानाने बिघडू नयेत म्हणून उपकरणांची खोली 'खोलीत खोली' अशी बांधली. बाहेरची भिंत ऊन-पाऊस सोसते, मधली हवा पहारा देते, आणि आतल्या खोलीला दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ कळत नाही.

विटांच्या बांधकामात हेच थोडक्यात साधते. केरळात लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून, मध्ये पोकळी सोडणारी भिंत लोकप्रिय केली. तिच्यात विटाही सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात.

आमची भिंत तर बांधून झाली होती. म्हणून पश्चिमेला, दोन इंच अंतर सोडून, पायापासून विटांची दुसरी पातळ भिंत उभारली. दोन्ही भिंतींना सांधणाऱ्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजून भिंत फोडते. तळाशी पाणी निघायला भोके ठेवली. गवंड्याला एकच ताकीद होती, की पोकळीत चुना-सिमेंटचे गोळे पडू द्यायचे नाहीत. कारण त्या गोळ्यांवरूनच ओल आत शिरते. स्लॅब वजन पेलेल याची खात्री करून तिच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या लाद्या बसवल्या. हे अस्तर बाहेरूनच हवे. आतून लावले तर स्लॅब तापायची ती तापतेच. पावसाळ्यानंतर शेवाळ घासून काढावे लागते, नाही तर पांढरेपणाचा उपयोग संपला.

मात्र भिंत म्हणजे थर्मास नव्हे. वेधशाळेतल्या चुंबकांना घाम येत नाही, माणसांना येतो. म्हणून पूर्वेला मोठी खिडकी पाडली. दुपारी ती बंद ठेवायची, रात्री मतलई वाऱ्याला उघडायची. समोर एक झरोका ठेवला, म्हणजे वारा आला तसा बाहेर पडतो.

राहिली नळी. जुनी नळी अठरा मीटर लांब. आतला व्यास पंधरा मिलिमीटर धरला तरी तिच्या पोटात तीन लिटरांहून अधिक पाणी मावते. दोन आंघोळींच्या मध्ये ते निवते आणि दर वेळी वाया जाते. शिवाय प्लॅस्टिकची गरम पाण्याची दहा मीटर नळी चाळीस अंशांनी तापली, की जवळजवळ अडीच सेंटिमीटर लांबते. भिंतीत पक्की आवळली तर कुठे तरी सांधा सुटणारच. आमचा सुटला होता, आणि पोपड्यांत त्याचाही वाटा होता.

आता सौर बंब न्हाणीघराच्या बरोबर वर, दक्षिणेकडे तोंड करून, वाऱ्याने हलू नये असा बोल्टांनी आवळून बसवला आहे. नळी चार मीटर; तिच्यात पाऊण लिटरही पाणी राहत नाही. ती उन्हात सतत चढती ठेवली, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकत नाही. वळणावर लांबायला जागा दिली आणि वरून फोमचे कवच चढवले. उन्हाने फोम कुजतो, म्हणून त्यावर आणखी एक पांढरी नळी. पाहा, इथेही तीच कोंडलेली हवा! भिंतीत ती ऊन बाहेर ठेवते, नळीवर ऊब आत ठेवते.

म्हणून खोली जोडणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. काठीने रेघ ओढण्यापूर्वी ऊन, पाऊस, वारा आणि पाणी या चौघांच्या वाटा कागदावर काढा. आम्ही तोडफोड करून शिकलो. तुम्ही पेन्सिलीने शिका.

पावसाळी दिवसांत सूर्य दगा देतो, म्हणून तांब्याचा जुना बंब मोडीत काढला नाही. त्याचे विस्तवाचे नळकांडेच पाण्याच्या पोटात असते, म्हणून त्याची बरीचशी ऊब पाणीच घेते. नरकचतुर्दशीच्या पहाटे तोच पेटतो. गेल्या दिवाळीत तेल-उटणे लावून आई न्हाणीघरात गेली, कारीट चिरडले, आणि आतून हाक आली, "अरे, पाणी कढत आहे हो!"

मग ती आपल्या खोलीत जाऊन निजली. वळकटी ओटीवर आली नाही.